आतली पट्टी

"आई, तू अजून पहिल्याच पानावर?" मुलीने दार किलकिलं करून विचारलं.

"मग काय करू? पुढे जाऊच देत नाही ते."

दार लावलेलं, पंखा बारीक, मोबाइल दुसऱ्या खोलीत आणि टेबलावर टोमॅटोच्या आकाराचं, पंचवीस मिनिटांनी वाजणारं घड्याळ. एकाग्रतेची सगळी सामग्री मांडून झाली होती. एकाग्रता तेवढी आलेली नव्हती. त्या शांततेत आईला, म्हणजे मावशींना, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकलेली ऐकू येत होती आणि मोरीतला नळ किती थेंबांनी थांबतो तेही आता पाठ झालं होतं.

मुलगी या विषयातली जाणकार. नोकरीच्या परीक्षेला तीनदा बसलेली. वाचन कसं करावं यावर तिने चार पुस्तकं वाचली होती आणि भिंतीवर चार रंगांचं वेळापत्रक होतं. नापास होणं सोडलं तर तिच्या अभ्यासाला नाव ठेवायला जागा नव्हती. आईच्या पुस्तकातलं 'महत्त्वाचं तेवढंच' तिने पिवळं करून दिलं होतं. पुस्तकाला कावीळ झाल्यासारखं दिसत होतं.

मावशी म्हणजे हॉस्पिटलच्या मावशी. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, कपड्यांचे गठ्ठे वाफेने निर्जंतुक करणारं मशीन त्या अकरा वर्षं चालवत होत्या. रजिस्टरवर सही मात्र सिस्टरची, कारण मावशींकडे सर्टिफिकेट नव्हतं. आता वरून हुकूम आला होता: पाच आठवड्यांनी परीक्षा, पास होईल त्याने मशीनला हात लावावा, बाकीच्यांनी मॉप धरावा. मॉपमध्ये कमीपणा नव्हता. पण मशीन नुसतं कण्हलं तरी त्याला कुठे दुखतंय हे ओळखणाऱ्या बाईने फरशी पुसत त्याचं कण्हणं दुरून ऐकायचं, ही कल्पना मावशींना सोसवेना.

चौथ्या दिवशी त्या पुस्तक कामावर घेऊन गेल्या.

मशीनचं दार आवळलं, वाफ चढली, काटा जागेवर आला. आता वीस मिनिटं दाराला हात लावायचा नाही. मावशी स्टुलावर बसल्या. कान मशीनमध्ये गुंतला आणि इतके दिवस भटकणारे डोळे मुकाट्याने ओळीवर चालू लागले. वीस मिनिटं वाचन. मग मशीन निवेपर्यंत पुस्तक मिटून, पुढच्या खेपेची हत्यारं लावत, वाचलेलं त्यांनाच सांगायचं. कात्र्या-चिमटे सगळं ऐकून घेत आणि मध्ये बोलत नसत. घरच्या माणसांत हा गुण दुर्मीळ.

आठवड्याने मुलगी डबा द्यायला आली, ती बाहेरच्या खोलीत तपासणीच घ्यायला बसली.

"आज किती पानं झाली?"

"तीन."

"तीन? अगं, मी तासाला तीस काढते!"

"आणि ठेवतेस कुठे?"

मुलगी फुरंगटली. मावशींनी कपड्यांचा एक ड्रम पुढे ओढला. "हा ठासून भरला ना, तर वाफ मधल्या कपड्यापर्यंत जातच नाही. हात शिरेल एवढी जागा ठेवावी लागते." मग गठ्ठ्यावर चिकटवलेली पट्टी दाखवली. "आच लागली की हिच्यावरच्या रेघा काळ्या होतात. पण तेवढ्यावर विसंबून गठ्ठा ऑपरेशनला पाठवला, तर पेशंटचं कल्याणच. म्हणून मधोमध आणखी एक पट्टी ठेवते. ती सांगेल ते खरं."

मुलीने पिवळ्या पुस्तकाकडे पाहिलं. मग आईकडे.

"विचार," मावशी म्हणाल्या. "कुठलंही विचार."

मुलीने पाच प्रश्न विचारले. पाचव्याचं उत्तर पिवळ्या भागात नव्हतं. ते पडताळायला तिला दोन पानं मागे जावं लागलं. बरोबर होतं.

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात, आपलं पुस्तक मिटून मांडीवर घेऊन, ओळीने मांडलेल्या चमच्यांना काहीतरी समजावत बसली होती. पहिल्या दिवशी चमच्यांना फारसं काही ऐकायला मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी थोडं मिळालं.

मावशींना लेखी परीक्षेत शंभरपैकी सत्याऐंशी मिळाले. तोंडी परीक्षेत तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून परीक्षकांनी चष्मा लावला आणि ते स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं. हे मावशींनी घरी एकदाच सांगितलं. मुलीने शेजारीपाजारी मिळून अकरा वेळा.

एक तारखेला सकाळची पहिली खेप निघाली. मावशींनी गठ्ठा उघडला, आतली पट्टी पाहिली, रजिस्टर ओढलं आणि सहीच्या रकान्यात आपलं नाव लिहिलं. आडनावासकट, सावकाश, एकही अक्षर न गाळता.

दुपारी सिस्टर रजिस्टर चाळताना थबकल्या. "मावशी, ही कोण? नवीन बाई आल्यात का?"

मावशी मशीनचं दार आवळत होत्या.

"मीच ती," त्या म्हणाल्या. "नवीन कसली, अकरा वर्षं झाली."

आणि काट्याकडे बघत स्टुलावर बसल्या.