खिळ्यावरचा पट्टा

मी देवीदासच्या कमरेचा पट्टा बोलतोय. या क्षणी मी त्याच्या मुठीत आहे आणि त्याचा हात वर गेलाय. तो खाली यायच्या आत माझं ऐकून घ्या.

नागपूरकडून देवीदास भिलाईला आला तो धोतरात. पोलादाच्या कारखान्यात लागला, आयुष्यातली पहिली पँट शिवली आणि सुपेल्याच्या बाजारातून मला आणलं. माझं बक्कल तो राखेनं घासायचा. मला वाटायचं, आपण एका माणसाला ताठ उभं केलं.

कॅम्प-१ या कामगार वस्तीतल्या त्याच्या खोलीत एकच कायदा आहे: रातपाळीचा बाप झोपला की कुणी आवाज करायचा नाही. त्याची बायको भीमाबाई भाकरीसुद्धा बाहेर थापते. "झोप नाही झाली त भट्टीपाशी डोळा लागन त्याचा," ती म्हणते. खोटं नाही ते.

एक दिवस त्यांची दहा वर्षांची लेक चंपा शाळेतून आली, तर वेणीत डांबर.

"माय, त्या पोरी मले..."

"हळू. बाप झोपून राहिला."

भीमाबाईनं गुपचूप वेणी कापून टाकली. बाप उठला, जेवला, पाळीवर गेला. कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून पोरी तिला 'टकली' म्हणू लागल्या. ते तिनं मला सांगितलं, भिंतीवरच्या माझ्या खिळ्याखाली बसून, नुसते ओठ हलवून. मी चामडं. मी काय करणार?

मग चंपा लहान पोरांना मारू लागली. दारात तक्रार आली की देवीदास अर्धवट झोपेत मला ओढायचा. "दुसऱ्याच्या लेकराले कावून मारतं? कावून?" त्या 'का'चं उत्तर यायच्या आत मी तिच्या पाठीवर. मारू नये हे मारून शिकवणाऱ्या शहाण्यांनो, ती त्यातून काय शिकली ते आज मी पाहिलं.

आज तिनं मला दप्तरात लपवून नेलं. वाटलं, त्या पोरींना गाठणार. तिनं गाठलं पहिलीतल्या मथुराला. "कावून रडतं? कावून?" सूर थेट बापाचा. माझं बक्कल मथुराच्या कपाळात घुसलं.

आत्ता मथुराची आई वच्छला दारात उभी आहे. "देवीदासभाऊ, टाके पडले माह्या लेकीले. पोरगी पोसली का वाघीण?"

देवीदास धडपडत उठला. खिळा रिकामा. चंपानंच मला दप्तरातून काढलं, त्याच्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नाही.

"बाबा, लवकर मारा. मी आवाज नाही करत."

देवीदास, तुला ऐकू येतंय का? मला तुझ्या त्या भट्टीत फेक. पँटला सुतळी बांध. तिच्याजवळ खाली बस, तेच तुझं 'कावून' पुन्हा विचार, आणि या वेळी ती बोलेपर्यंत थांब.

हात अजून वरच आहे.