आंब्याचा जामीन

नवरा पलटणीत गेला त्या वर्षी चंद्राबाईनं न्हाणीमागं आंब्याची कोय लावली. लढाई चालली तोवर सगळं सुखदुःख तिनं त्या झाडालाच सांगितलं, कारण नवऱ्याचं पत्र सहा महिन्यांनी यायचं आणि त्यातही निम्मी चौकशी बैलांची असायची. न्हाणीचं पाणी पिऊन आंबा माजला. आठ वर्षांत मोहोराचं नाव नाही.

लढाई संपली आणि हवालदार हंबीरराव पलूसला घरी आले. रोज दोन हंडे कढत पाण्यानं आंघोळ करायची आणि ओट्यावर बसून हुकूम सोडायचे, एवढंच त्यांचं काम.

खंडेनवमीला कुऱ्हाडीची पूजा झाली, तसे ते उठले. न फळणाऱ्या झाडाला धाक घालायची गावात रीतच होती. मालकानं कुऱ्हाड उगारायची, शेजाऱ्यानं हात धरून म्हणायचं, "ऱ्हाऊ द्या, पुढल्या साली फळंल, मी जामीन." झाड ऐकतं म्हणे.

गल्ली जमली. हंबीररावांनी कुऱ्हाड उगारली. "तोडतो बघ!"

शेजारचे पायगोंडा पुढं झाले आणि अडखळले. त्यांनी नुकताच खोटं न बोलायचा नेम घेतला होता.

"म्हणा की," हंबीरराव कुजबुजले.

"कसं म्हनू? माझ्या बांधावरच्या आंब्याला कुनी तांब्याभर पानी घालत न्हाई. पाऊस सरला की तहानंनं कासावीस हुतोय, अन् मग लय मोहोरतोय. ह्याला कसलीच ददात न्हाई, ह्यो कशाला फळंल? मी जामीन न्हाई."

पंचाईत झाली. पलटणीतला गडी चारचौघांत शब्द कसा फिरवणार? कुऱ्हाड खरोखरच खाली येऊ लागली. चंद्राबाईनं धावत जाऊन दांडा धरला.

"मी जामीन! उद्यापासनं ह्याचं पानी बंद. तुमची आंघोळ वढ्यावर!"

मग तिची नजर नवऱ्याच्या सुटलेल्या पोटावर गेली आणि ती पायगोंडांकडं वळली.

"आन् आण्णा, आल्यापासनं ह्यांनीबी काडी हलवली न्हाई. ह्यास्नी कोन जामीन?"

हंबीररावांनी मोठ्या आशेनं पायगोंडांकडं पाहिलं. पायगोंडा जमिनीकडं बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून हवालदारसाहेब कुडकुडत ओढ्यात बुचकळून निघायचे आणि ऊब यावी म्हणून मुकाट औत धरायचे. पौषात आंबा शेंड्यापर्यंत मोहोरला. चंद्राबाई बुंध्याला मिठी मारून ढसाढसा रडली. मग डोळे पुसून तिनं नवऱ्यासाठी पाणी तापवलं, पण एकच तांब्या.