आवाज बसला की उलटा

गल्लीच्या तोंडाशी मटणाचं दुकान चालवणारा तो गृहस्थ सव्वीस वर्षं गिऱ्हाइकांना कलेजी करायची रीत सांगत आला होता. वरचा पापुद्रा सोला, अर्धा तास दुधात ठेवा, फडक्याने टिपून घ्या, तवा कडकडीत हवा. लोक माना डोलवत. घरी मात्र त्याने कधी तव्याला हात लावला नव्हता. रीत बायकोची होती.

आता बायको अंथरुणाला खिळली होती. पोटातली गाठ काढायची होती, पण अंगात हिमोग्लोबिन जेमतेम आठ. दहावर आल्याशिवाय ऑपरेशन नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी. "कलेजी खाऊ घाला," डॉक्टर म्हणाले, "तुमच्याकडे काय तोटा!"

पहिल्या दिवशी कलेजी रबरासारखी झाली, दुसऱ्या दिवशी करपली.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," बायको आतून म्हणाली. "मीठ कधी घातलंत?"

"आधीच. तूच सांगायचीस."

"मी शेवटी सांगायचे. सव्वीस वर्षं लोकांना आधी घाला म्हणून सांगितलंत?"

"कुणी तक्रार नाही केली."

"कशी करतील? हातात सुरा असायचा तुमच्या."

मग ती तव्याच्या आवाजावरून हुकूम सोडू लागली. "चरचर बसली, उलटा. अहो, आत्ता, उद्या नाही." बिघडलेली कलेजी ती खायची, तो ओशाळून ओट्यापाशीच थांबायचा.

नवव्या दिवशी जमली. बाहेरून खरपूस, आत लोण्यासारखी. त्याने एक तुकडा तोंडात टाकला आणि आपण इतकी वर्षं काय विकलं ते त्याला प्रथमच कळलं. ताटली घेऊन तो तिच्या उशाशी बसला.

तिने तुकडा तोंडात टाकला, वर घोटभर पाणी घेतलं आणि डोळे मिटून गिळला. जबडा हललाच नाही.

"छान झालीय," ती म्हणाली.

"चावली कुठे तू?"

तिने पाण्याचा आणखी एक घोट घेतला.

"चव लागत नाही का गं?"

"लागते. गंजलेल्या खिळ्याची. भाताचीही तीच, पाण्याचीही तीच. दीड महिना झाला."

"मग नऊ दिवस मला कशाला राबवलंस?"

"तुम्ही तव्यापाशी बरे होतात. नाहीतर दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत बसला असतात."

दुसरा तुकडा तिच्या घशात अडकला. ठसका थांबेपर्यंत तो पाठीवरून हात फिरवत राहिला.

तो ताटली परत ओट्यापाशी घेऊन गेला. धारेचा सुरा काढला आणि जन्मात पहिल्यांदा मनासारखी झालेली ती कलेजी वाटाण्याएवढी बारीक चिरली.

"एवढे जातील?"

"जातील," ती म्हणाली. "पाणी जास्त आणा."

तपासणीला अजून बारा दिवस होते. त्याने पाण्याचा जग भरून आणला आणि ती गिळत असताना खिडकीकडे बघत बसला.