धुऱ्याखालचा कोळसा

बासष्ट साली वडिलांनी मोडीत निघालेल्या जिनिंगच्या चाकांपासून तार पिळायचं यंत्र बनवलं. मी दांडा फिरवायचो आणि बाबा दोन तारांच्या पिळात लोखंडी काटे अडकवत जायचे. आमचं गाव जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला. डोंगरातून उतरलेले रोही, म्हणजे नीलगायी, उभी ज्वारी फस्त करायचे, म्हणून तारेला गिऱ्हाईक होतं.

बाबांचा, म्हणजे उकंडरावांचा, एक हट्ट होता. जुन्या मोजणीच्या वेळी आमच्याकडे धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरत, कारण कोळसा सडत नाही. दोन वावरांच्या हद्दीचा वाद असला, की बाबा आधी खणून कोळसा शोधायचे, मगच खांब रोवायचे. मला हे खूळ वाटायचं. धंदा करायचा की भुई उकरत बसायचं?

चौसष्टच्या उन्हाळ्यात उत्तमरावांनी चाळीस एकरांचं कुंपण सांगितलं. एवढं मोठं काम आम्हाला कधीच मिळालं नव्हतं. त्यांच्या लगत दयारामचं चार एकर वावर होतं. मधला दगड पुरात गेलेला आणि कचेरीतल्या जुन्या नकाशाचा नेमका तोच कोपरा वाळवीनं खाल्लेला. वादातल्या पट्टीत विहीर होती. दयाराम आणि त्याची बायको केसरबाई यांनी दोन उन्हाळे खपून ती स्वतः खणली होती.

"विहीर आमच्याकडं आली पाह्यजे कारभारी," उत्तमराव मला म्हणाले, "नाही तं खामगावहून तार आनतो."

मोजणीदार येणार त्याच्या आदल्या दिवशी बाबांनी मलाच खणायला पाठवलं. दयाराम दाखवत होता तिथंच, कमरेएवढ्या खोलीवर, कोळसा लागला. चांगला ओंजळभर. विहीर दयारामचीच होती. मी इकडं तिकडं पाहिलं, कोळसा दुपट्ट्यात बांधला, नाल्यात फेकला आणि खड्डा बुजवला. काम नीट केलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बाबांनी विचारलं, "कोळसा लागला का रे?"

"नाही लागला, बाबा."

बाबा मोजणीदाराकडं वळले. "माह्या पोरानं खंदून पाह्यलं. तो नाही म्हनते तं नाही."

केसरबाई काहीतरी बोलायला पुढे झाली. दयारामनं तिला हातानंच थांबवलं. ते बौद्ध झाल्यापासून गावात त्यांच्या बाजूनं बोलणारे एक माझे बाबाच उरले होते. "उकंडरावभाऊ म्हनतात तं खरं असन," तो म्हणाला. त्यानं कागदावर सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. विहीर उत्तमरावांकडे गेली.

मी बाबांना सांगायला हवं होतं. त्या दिवशी नाही, तर त्या आठवड्यात तरी. नाही सांगितलं. भित्रा होतो, दुसरं काय?

पंधरा दिवसांनी दयाराम आमच्या दारात आला. मला वाटलं, आता हा गचांडी धरणार.

"कारभारी, माह्या उरल्या वावराले बी तारेचं कुंपन करून दे. रोही लय खाऊन राह्यले. तुमी रोवलेल्या खांबाले कोनी खोटं म्हनत नाही."

काम चालू असताना तो दिवसभर माझ्यासोबत राबला. विहिरीजवळच्या खांबाच्या खड्ड्यापाशी आलो तेव्हा त्यानं माझा हात धरला. म्हणाला, "हा खांब हातभर आत घे, माह्याकडं. उद्या कोनी म्हनाले नको, दयारामनं दुसऱ्याची जमीन दाबली."

मी खांब हातभर आत घेतला.