समुद्र सोडून सगळं

मी एक फणी आहे, तांबड्या लाकडाची. मेडशी गावातल्या एका मातीच्या घरात, दाराशेजारच्या कोनाड्यात मी पडून असते. माझे दोन्ही बाजूंचे दात एकेकाळी सरळ होते. आता एका बाजूचे बरेचसे गेले. पण माझा जन्म या मुलखातला नाही. मी अंदमानच्या जंगलातली, पडौक नावाच्या झाडाची.

ते झाड पाडणाऱ्या टोळीत मेडशीचे दोघे भाऊ होते, ग्यानबा आणि उकंडा. बहात्तर साली पावसानं दगा दिला, गावात कुणाच्या शेतावर काम उरलं नाही. तेव्हा एका ठेकेदाराच्या माणसाबरोबर दोघे निघाले. रेल्वे, मग जहाज, मग ते बेट. ग्यानबाची बायको वच्छला घरी आईजवळ राहिली. उकंडाचं लग्न आसेगावच्या लिलाशी जमलं होतं. तो परतला की बार उडवायचा होता.

उकंडाच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा जन्मल्याबरोबर आईनं, भागिरथाबाईनं, त्याला उकिरड्यावर लोळवलं आणि तसंच नाव ठेवलं. हे तो स्वतःच हसत हसत सांगायचा. मला कोरताना बाजूला बसलेल्या रांचीच्या मजुराला सांगत होता, तेव्हा मी ऐकलं.

करवतीच्या मोडक्या पात्यानं त्यानं माझे दात पाडले आणि काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत केले. “मायची फणी लय जुनी झाली,” तो म्हणाला. “केस तुटतेत तिचे.”

काम जिवावरचं होतं. पण रविवारी उकंडाला एका जागी बसवत नसे. मी अर्धीमुर्धी झालेली त्याच्या खिशातून डोकावत, आणि तो भावाला ओढत रानात. एका ठिकाणी जमिनीतून चिखल बुडबुडत वर यायचा. कढत असेल म्हणून ग्यानबा लांब उभा राहिला, उकंडानं बोट घातलं आणि ओरडला, “दादा, थंडगार हाय!” एकदा ते डोंगरातल्या गुहेत शिरले. आत छतापासून पांढरे दगड लोंबत होते, झुंबरासारखे, आणि त्यांच्या टोकांवरून पाणी ठिबकत होतं. ओंडके ओढून दमलेले हत्ती ओढ्यात आडवे व्हायचे, तेव्हा उकंडा माहुताबरोबर त्यांच्या पाठी घासायचा. संध्याकाळी रांचीवाले मांदर नावाचा ढोल वाजवत नाचायचे. हा त्यांच्या रांगेत, पाऊल चुकवत.

“घरी गेलो का मायले सगळं सांगीन,” असं तो म्हणायचा.

समुद्रावर मात्र ते जात नसत. जहाजात उकंडाला इतक्या वांत्या झाल्या होत्या, की पाण्याचा वास त्याला नको वाटे. मग एका रविवारी टोळीतली सगळीच पोरं अंघोळीला निघाली आणि हेही गेले. उकंडानं सदरा काढला, घडी करून खडकावर ठेवला. मी घडीच्या आत, खिशातच होते. मला दिसत काही नव्हतं. त्याचं हसणं ऐकू आलं. “दादा, ये ना! काहून भेतं?” मग लाटांचा आवाज. मग ग्यानबा त्याचं नाव घेऊन ओरडत राहिला, घसा बसेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी भरतीनं त्याला किनाऱ्यावर आणून टाकलं. जवळच्या टेकडीवर त्याला माती दिली.

ग्यानबा एकटाच परत आला. अकोल्याहून एस.टी.नं मेडशीला उतरला. भागिरथाबाई दारातच होत्या. त्यांनी त्याच्या मागे पाहिलं, रस्त्याकडे.

“आन उकंडा?”

ग्यानबानं खिशातून मला काढलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. “तो राह्यला तिथंच. काम सरलं नाही अजून. तुह्यासाठी फणी देली त्यानं. सोताच्या हातानं केली.”

घरामागे त्यानं वच्छलेला खरं सांगितलं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, आणि थोड्या वेळानं चूल पेटवायला आत आली.

त्या दिवसापासून भागिरथाबाई माझ्यानंच केस विंचरत. संध्याकाळी दारात बसायच्या, तेलाची वाटी बाजूला. ग्यानबा शेतातून आला की विचारायच्या, “काय करत असंन रे उकंडा आता?”

आणि ग्यानबा सांगायचा. थंड चिखलाचं, गुहेतल्या झुंबरांचं, हत्तींचं. “आता हत्ती त्याले वयखतेत माय. हा गेला का सोंड वर करतेत.” खऱ्या गोष्टी संपल्या तेव्हा त्यानं नव्या केल्या. उकंडानं झोपडीमागं केळी लावल्या. उकंडा बंगाली बोलायला शिकला. उकंडानं बोलका पोपट पाळला. वच्छला चुलीपाशी मान खाली घालून भाकरी थापत राहायची. भागिरथाबाई ऐकताना हसायच्या. पण त्यांचा हात मधेच थांबायचा, आणि माझ्या दातांत त्यांचे पांढरे केस अडकून यायचे, रोज थोडे जास्त.

असं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चाललं. मग आसेगावहून लिलाचे वडील पंजाबराव आले. घोंगडीवर बसले, पाणी प्याले, चहा तसाच ठेवला.

“विहीनबाई, पोरगी घरात बसून राह्यली. लोकं विचारतेत. जवाई कधी येते, तारीख सांगा.”

ग्यानबा खाली बघून म्हणाला, “येईन. दिवाळीले येईन तो.”

वच्छलेच्या हातातली परात जमिनीवर आपटली.

भागिरथाबाईंच्या केसांत तेव्हा मी होते, अर्ध्यावर. त्यांनी मला काढून मांडीवर ठेवलं. “पंजाबराव,” त्या म्हणाल्या, “पोरीले दुसरं घर पाहा. तिचे दिवस वाया घालू नोका. माहा उकंडा येत नाही आता.”

“माय!” ग्यानबा उठला.

“बस खाली. वर्स झालं, तू मले जंगल सांगून राह्यला, डोंगर सांगून राह्यला. चहूकून पानी असते म्हनतेत त्या बेटाले. समुद्राचं एक दिवस तरी बोलला का तू?”

ग्यानबा तिथंच बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. पंजाबरावांनी टोपी काढून हातात घेतली. मग भागिरथाबाईंनीच विचारलं, “सापडला का?”

“सापडला माय. टेकडीवर माती देली.”

त्या मान हलवत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, “पानी थंड होतं का रे?”

“नाही माय. कोमट होतं.”

त्यानंतर भागिरथाबाईंनी केस विंचरले नाहीत. लिलाचं लग्न त्याच हंगामात दुसरीकडे झालं. त्यांनी वच्छलेच्या हाती तिला लुगडं पाठवलं. ग्यानबा संध्याकाळी दारात यायचा, माय काही विचारेल म्हणून थांबायचा, आणि उठून जायचा. अठ्ठ्याहत्तरच्या थंडीत त्या गेल्या. अंघोळ घालताना वच्छलेनं त्यांच्या डोक्यातल्या जटा माझ्यानं सोडवल्या. माझे दात त्या दिवशी पडले. तिनं ते वेचून पदरात बांधले.

तेव्हापासून मी या कोनाड्यात आहे. मला कुणी फेकत नाही आणि कुणी हातातही घेत नाही. ग्यानबा येता-जाता इकडे पाहायचं टाळतो. पण तेलावाचून लाकूड फुटतं. माझ्या पाठीवर एक चीर गेली आहे, ती दर उन्हाळ्यात थोडी लांब होते. वच्छलाबाई, माझे अर्धे दात अजून शाबूत आहेत. ज्यानं मला केलं, त्यानं केस विंचरायलाच केलं होतं. एखाद्या संध्याकाळी मला खाली काढा, बोटभर तेल लावा, आणि तुमच्याच केसांतून एकदा फिरवा.