मागच्या दाराची ताटली

घर चालवायचं तर रीत पाळावी लागते, असं ऑगस्टाबाई येताजाता सांगायच्या. अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामातल्या त्यांच्या घराच्या मागच्या दाराला एक खिळा होता, खिळ्याला पत्र्याची ताटली. कामाला येणाऱ्या काळ्या माणसानं पायरीवर बसून तीत जेवायचं, विसळायची, परत टांगायची. यात कुणाला वाईट वाटत असेल, हा विचार बाईंच्या मनाला कधी शिवला नाही. आपल्यापैकी तरी किती जणींच्या मनाला शिवतो?

एप्रिलातल्या एका दुपारी लिंबाएवढ्या गारा आल्या. एझरा नावाचा काळा सुतार बाईंचं छप्पर शाकारत होता. मागच्या ओसरीचे पत्रे उडाले, पायरीवर उभं राहायची सोय उरली नाही. बाईंनी त्याला आत घेतलं. स्वयंपाकघरात टेबल एकच, बाईंचे गुडघे धरलेले; म्हणून त्या टेबलाच्या या बाजूला बसल्या, तो त्या बाजूला. ताटली बाहेर गारांत, म्हणून त्याला फुलांच्या नक्षीची बशी. चवळी, मक्याची भाकरी, ताक. गारा थांबेस्तोवर दोघं जेवले, त्याच्या म्हाताऱ्या आईच्या दम्याविषयी बोलले. तो गेल्यावर बाईंनी ती बशी उकळत्या पाण्यातून दोनदा काढली.

गारा पडत होत्या तेव्हाच गावातल्या कापसाच्या जिनिंगचा मालक कुणीतरी डोक्यात घाव घालून मारला. दिवस मावळायच्या आत शेरीफनं, म्हणजे तिथल्या फौजदारानं, एझराला धरलं. त्या वेळी कुठे होतास, याला एझरानं उत्तरच दिलं नाही.

गाव म्हणालं, चोराच्या मनात चांदणं. खरं कारण बाईंना कळलं. गोऱ्या विधवेच्या टेबलाशी तिच्यासमोर बसून जेवत होतो, असं काळा माणूस बोलला तर तो खटल्यापर्यंत पोचत नाही. वाटेतल्या झाडापर्यंत, गळ्यातल्या दोरापर्यंत पोचतो.

बाईही गप्प बसल्या. रस्त्यावरची मोटार कुंपणाशी हळू झाली की हातातली पळी थांबायची. शेजारणी येऊन खटल्याला कोणती टोपी घालायची यावर बोलायच्या, जत्रेला निघाल्यासारख्या, आणि बाई मान डोलवायच्या.

खटल्याच्या आदल्या दिवशी एझराची बायको पर्ली नेहमीसारखी धुणं न्यायला आली. गाठोडं बांधता बांधता म्हणाली, "चवळी जरा खारट झाली होती, म्हणत होते हे."

बाईंच्या हातातली चादर खाली पडली.

"ते माझं घर जाळतील, पर्ली."

"जाळतीलही. तुमची भीती खोटी नाही, बाईसाहेब." पर्लीनं चादर उचलून घडी घातली. "पण तुम्ही भ्यालात तर निदान घर तरी वाचतं. मी भ्याले काय, न भ्याले काय, नवरा जातोच आहे. भिऊन काही वाचवता येतं, एवढी चैन तुमच्याकडे आहे."

ती गेली.

दुसऱ्या दिवशी त्या एझराच्या वकिलाला भेटल्या आणि साक्षीला उभ्या राहिल्या. खाली गोरे, वर सज्ज्यात काळे. बाईंनी मनाशी एक मध्यम वाट काढली होती: एझरा माझ्याकडे होता, पण बाहेर, पायरीवर जेवत होता. तोही वाचेल, घरही वाचेल. तसंच त्यांनी सांगितलं.

सरकारी वकील कॅल्विन हा चर्चमधल्या रविवारच्या शाळेतला बाईंचा विद्यार्थी. तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मावशी, तुम्ही आत, तो बाहेर, दार लावलेलं. तो मधेच निघून गेला असता तर तुम्हाला दिसलं असतं का?"

नाही म्हटलं की सुटल्या. अर्धं सत्य हे असं असतं, दोन्ही बाजूंनी फाटतं! सज्ज्यात पर्ली होती, पण वर बघायचं धैर्य त्यांना झालं नाही.

"दिसलं असतं," त्या म्हणाल्या. "तो बाहेर नव्हताच. माझ्या टेबलाशी, समोर बसला होता. मी वाढलं, आणि मीही त्याच्यासोबत जेवले."

कुणीतरी जमिनीवर थुंकलं.

"मावशी, आपण काय बोलताय, कळतंय का?"

"तुला प्रार्थना मीच शिकवल्या रे, कॅल्विन. तेव्हा माझं डोकं ठिकाणावर होतं, आताही आहे."

पंच म्हणून बसलेले बारा गोरे दुसऱ्या दिवसापर्यंत भांडले. एकजण काही केल्या दोषी म्हणेना. बाराही जणांचं एकमत झाल्याशिवाय निकाल नाही, म्हणून खटला पुन्हा चालवायचं ठरलं. एझरा परत कोठडीत गेला, पण जिवंत गेला. सत्याचा नेहमी जय होतो म्हणणाऱ्यांनी ते गाव पाहिलेलं नाही.

बाईंच्या खिडकीतून वीट आली. शेजारणी यायच्या थांबल्या. पर्ली आली, मागच्या दारानं. बाईंनी ताटली काढून उकिरड्यावर भिरकावली आणि म्हणाल्या, "यापुढं पुढच्या दारानं येत जा."

"नको बाईसाहेब. मी पुढून आले तर तुमची काच फुटेल, माझं घर जळेल. माझी हिंमत महाग पडते." तिनं गाठोडं खाली ठेवलं. "पाणी मात्र द्या."

बाईंनी स्वतःच्या कपात पाणी दिलं, खुर्ची ओढली. पर्ली टेकली. ती गेल्यावर बाईंनी तो कप धुतला, बाकीच्या भांड्यांसोबत, त्याच पाण्यात.

बायांनो, ऑगस्टाबाईंचं तोंड ज्या भीतीनं शिवलं होतं ती काही आभाळातून पडली नव्हती. रोज एक ताटली वेगळी टांगून त्यांनीच ती पोसली होती. अन्याय कचेरीत जन्मत नाही, तो आपल्या स्वयंपाकघरात रांगायला लागतो. तुमच्याही दारामागं एखादा खिळा असेल. आजच जाऊन बघा.