वाळ्याचं पाणी

डिंपलनं सकाळपासून चारदा गडवा भरला आणि चारदा तो तसाच कोनाड्यात नेऊन ठेवला. आत खाटेवर तिचा बाप, केवळराम कापगते, शेवटच्या घटका मोजत होता. गोंदियाच्या डॉक्टरनं परवाच हात टेकले होते, घरी न्या म्हणाला. आता चमच्यानं पाजलं तर घोटभर पाणी तेवढं जात होतं. शेजारची जमुनाबाई आपल्या माठातलं पाणी पाजायची, म्हातारा प्यायचा. दूधवाला शालीकराम सहज डोकावला, त्यानं चमचा धरला, तरी प्याला. पोटच्या पोरीनं चमचा पुढे केला की मात्र ओठ गच्च मिटून घ्यायचा. आता याला काय म्हणावं?

कारण साऱ्या सौंदडला ठाऊक होतं. दहा वर्षांमागे डिंपलनं मुर्रीच्या धनेंद्रशी कोर्टात लग्न लावलं. पोरगा जातीनं पवार, हे कोहळी. केवळराम ना ओरडला, ना मारायला धावला. वर्षभर गप्प राहिला आणि मग उठून काशीला गेला. कोहळ्यांचं काशीशी नातंच वेगळं. जुने लोक सांगतात, आपले पूर्वज काशीकडचेच, गोंड राजानं तलाव बांधायला इकडे आणलेले. म्हणून काशीला जाणं म्हणजे या लोकांना घरी गेल्यासारखं, आणि तिथं दिलेला शब्द मरेस्तोवर मोडायचा नाही. गंगेत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून एक वस्तू सोडायची, ती जन्मात पुन्हा तोंडाला लावायची नाही, अशी रीत. कोणी फणस सोडतं, कोणी वांगं. केवळरामनं पोरीच्या हातचं पाणी सोडलं.

ही बातमी गावात आणली यादोरावनं, तो सोबत गेला होता. त्यानं स्वतः कारलं सोडलं, जे त्यानं जन्मात कधी खाल्लं नव्हतं. भलताच शहाणा माणूस! पण दुसऱ्याच्या घरचं तिखटमीठ लावून सांगायला त्याची जीभ सैल. तलावाच्या पाळीवर बसून त्यानं सगळ्यांना सांगितलं, केवळ्यानं पोरीला गंगेत बुडवून टाकलं म्हणून. ते मुर्रीला डिंपलच्या कानापर्यंत गेलं.

तेव्हापासून ती दिवाळीला आली की म्हातारा स्वतः विहिरीवर जाऊन आपला गडवा आपण भरायचा. आई सुशीलाबाई गेल्यावर तर भातही स्वतःच शिजवायला लागला, कारण भातात पाणी आलंच. बाकी बोलायचा नीट. नात हर्षिताला मांडीवर घ्यायचा, जावयाची खुशाली विचारायचा. तेच डिंपलला जास्त लागायचं. सरळ शिव्या दिल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

आणि हा माणूस गावचा पाणकर बरं का! तीस वर्षं तलावाचं पाणी त्यानं शेताशेतांत वाटलं. वैऱ्याच्या धानाच्या बांधीचीही पाण्याची पाळी कधी चुकवली नाही. डिंपल लहान होती तेव्हा भर दुपारी त्याच्यासाठी पाणी घेऊन तलावाच्या पाळीवर जायची. कापडानं गाळलेलं, आत वाळ्याची एक जुडी टाकलेलं. तो उभ्यानंच सारा गडवा रिता करायचा, पालथ्या हातानं मिशा पुसायचा आणि म्हणायचा, "आता जिवात जीव आला."

भाऊ हिमांशु सुरतेहून निघाला होता, उद्या सकाळी पोचणार होता. आजचा दिवस निघतो की नाही, अशी अवस्था होती.

"काकी, मले दुसरं काईच नाही पायजे," डिंपल जमुनाबाईला म्हणाली. "मरणाआधी एक घोट माह्या हातचा घेतला पायजे त्यानं. नाही तं मी कोणत्या तोंडानं जगू?"

जमुनाबाईला गलबलून आलं. "आण तो गडवा. मी पाजतो. त्याले कायचं समजते आता?"

तिनं डिंपलनं वाळा टाकून भरलेलं पाणी चमच्यात घेतलं आणि म्हाताऱ्याच्या तोंडात घातलं. पाणी जिभेला लागलं मात्र, आणि त्यानं डोळे उघडले. क्षणभर तोंडातच धरलं. मग मान वळवून सगळं उशीवर सोडून दिलं.

"हे डिंपलचं होय," तो म्हणाला.

चुलीपुढे जाऊन डिंपल तोंडात पदर कोंबून रडली. दहा वर्षांत बापाच्या दारात ती कधी रडली नव्हती. रडून झाल्यावर तिचं डोकं फिरलं. ती तरातरा आत आली आणि खाटेजवळ खाली बसली.

"मी एवढी वाईट होती का, बाबा? मरतानाबी राग धरून राहिले?"

"राग?" म्हाताऱ्याला ते कळेच ना.

"नाही तं काय? कायले सोडलं मंग मले काशीत?"

तो श्वास जमवत होता. मग एकेक शब्द बाहेर आला.

"पंडा बोलला, जे जिवाले सगळ्यात प्यारं आहे थे सोड. जे आवडत नाही थे सोडून पुन्य भेटत नाही. मी पाण्यात उभा राहून लय इचार केला. वावर आठवून पाह्यलं, तलाव आठवून पाह्यला. पण मले दुपारच दिसे. मी पाळीवर उभा, अन् तू गडवा घेऊन येऊन राहिली."

"यादोकाका तं..."

"यादोनं कारलं सोडलं. तो कसा सांगंल, पंडा काय बोलला थे?"

डिंपलनं गडवा उचलला. "मंग प्या नं आता, बाबा. एक घोट प्या."

"जीव तं तेच मांगून राहिला, बाई. सकाळपासून ओठ दाबून पडलो आहो." त्याच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं. "एवढं एकच देल्लं मी देवाले. परत नको घ्याले लावू."

त्यानंतर तो बोलला नाही.

ऊन कलल्यावर शुद्ध गेली. तोंड उघडं पडलं, जीभ कोरडी ठणठणीत झाली, घशातून घरघर सुरू झाली. जमुनाबाईनं पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. "पाज आता. त्याले शुद्ध नाही. म्या काई पाह्यलं नाही."

डिंपलनं चमचा भरला. ओठांजवळ नेला. इतक्या वर्षांनी ते ओठ तिच्यापुढे उघडे होते, मिटायची ताकद नव्हती. दिवसभर जे मागत होती ते एका चमच्यावर होतं. चमचा कलला आणि दोन थेंब त्याच्या हनुवटीवर पडले. ते तिनं पदरानं पुसून काढले.

"काकी, तुमी पाजा."

"अवो, पण तू दिवसभर..."

"तुमच्या घरचं आणा. लवकर जा."

जमुनाबाई धावली. तिच्या घरचा माठ अंगणापलीकडे, पण तेवढा वेळही सरता सरेना. बाप तहानेनं तडफडत होता, पोरीच्या हातात गडवा काठोकाठ भरलेला होता, आणि ती दाराकडे बघत नुसती म्हणत होती, थांबा बाबा, थांबा जरा. असं कोणावर येऊ नये.

जमुनाबाईनं पहिला चमचा घातला तो गळ्याखाली उतरला. दुसरा ओठांवरून खाली ओघळला.

माणसं जमली. माणूस गेला की भरलेलं पाणी घरात ठेवायचं नाही, त्या रीतीप्रमाणे जमुनाबाई ते अंगणात ओतत सुटली, घागर, बादली, माठ. कोनाड्यातल्या गडव्याला तिनं हात घातला तेव्हा डिंपल उठली.

"थे मी ओततो," ती म्हणाली.

अंगणात जाऊन तिनं गडवा पालथा केला. पाणी तापलेल्या मातीत लगेच जिरलं. वाळ्याची जुडी हातात राहिली, ती तिनं पदराच्या गाठीत बांधली आणि बापाजवळ जाऊन बसली.